वासावरचा विश्वास

"वास कुठं आला ओ ताई? पुसल्यावानी वाटंना." फडकं पिळता पिळता मावशी एवढंच म्हणाल्या आणि बादली उचलून मागच्या बाल्कनीत गेल्या. आतल्या खोलीत लेक बाळाला पाजत होती. तिच्या कानावर हे गेलं असतं तर वाद झाला असता, कारण घरात फिनेल आणायचं नाही ही अट तिचीच. बाळंतपणाला येण्याआधीच तिनं फोनवर बजावलं होतं, फिनेल नको, टॉयलेटचं ॲसिड नको, वासाच्या फवाऱ्याचं काही नको. मला ती अट पटली होती. तरी मावशींचं वाक्य दुपारभर डोक्यातून जाईना. फरशी डोळ्यांना स्वच्छ दिसत होती, तळपायाला स्वच्छ लागत होती, आणि उभा जन्म लोकांच्या फरश्या पुसण्यात घालवलेल्या बाईला ती पुसल्यासारखी वाटत नव्हती. खरं सांगायचं तर मलाही वाटत नव्हती.

फिनेलच्या जागी आलं होतं ते आमच्या मोठ्या जाऊबाईंचं बायोएन्झाइम. होटगी रोडला त्यांच्या गॅलरीत कॅन ओळीनं मांडलेले असतात. एक भाग गूळ, तीन भाग लिंबा-मोसंब्याच्या साली, दहा भाग पाणी आणि तीन महिन्यांचा धीर. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, नाहीतर कॅन फुगून बसतो. सरबताच्या गाडीवाल्याकडून त्या साली मागून आणतात, प्रत्येक कॅनवर तारखेची चिठ्ठी लावतात, तयार झाल्यावर गाळून नात्यागोत्यात वाटतात. त्यांच्याकडे फरशी पुसलेलं पाणी थेट झाडांना जातं. एवढं मनापासून काम करणाऱ्या माणसाला "याच्यानं जंतू मरतात का हो?" असं विचारणं जड जातं. पण घरात काही दिवसांचं बाळ असलं की जड जाणारे प्रश्नही विचारावे लागतात. मी ते आधी स्वतःला विचारले.

वासाचं सांगायचं तर आमच्या पिढीचं नाक फिनेलवरच घडलं. सिव्हिलच्या व्हरांड्यातला तो उग्र वास, शाळेच्या मुताऱ्यांबाहेरचा, सिनेमा थिएटरच्या मधल्या सुट्टीतला. वास आला म्हणजे कुणीतरी काळजी घेतली आहे, असं मनात पक्कं बसलं. सायकलच्या कॅरिअरला कॅन बांधून "फिनेऽल, ॲसिऽड" ओरडत येणारा माणूस आजही आमच्या गल्लीत येतो आणि रिकाम्या पाण्याच्या बाटलीत सुटं फिनेल भरून देतो. बादलीत झाकणभर ओतलं की पाणी दुधाळ होतं आणि ते बघून समाधान वाटतं. त्या दुधाळपणाचा जंतूंशी काही संबंध नाही. तेल पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक थेंब होऊन पसरतात आणि पाणी पांढरं दिसतं, एवढंच. त्या बाटलीवर लेबल नसतं. आत पाइन तेल किती, औषध किती आणि नुसता वास किती, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आणि समजा, चांगलं लेबलवालं, भरवशाचं जंतुनाशक आणलं, तरी आमच्याकडं एक वेगळीच अडचण आहे. अशा बहुतेक औषधांना वेळ लागतो. ज्या जागेवर लावलं ती जागा पाच-दहा मिनिटं ओली राहायला हवी, तेव्हा कुठं ते काम करतं. मे महिन्यातल्या सोलापुरात, पारा ४३च्या पुढं गेलेला असताना, पंखा चालू असलेल्या खोलीतली फरशी किती वेळ ओली राहते? मावशी दारापर्यंत पोचायच्या आत खिडकीकडचा भाग कोरडा झालेला असतो. म्हणजे इतकी वर्षं आम्ही फिनेलनं पुसत होतो तेव्हाही फरशीवरचे जंतू फारसे मरत नव्हते. फडक्याबरोबर जेवढे निघून बादलीत गेले तेवढे गेले. हे कळल्यावर मला कसंसंच झालं, आणि थोडं हायसंही वाटलं.

माझं माहेर बाळीवेशीतलं. मातीच्या भिंती, वर माळवद, पुढं शहाबादी फरशीचा चौक. तिथं फिनेल नव्हतं. आजी भांड्यांना राख लावायची, दागिन्यांना आणि लोकरीच्या कपड्यांना रिठ्याचं पाणी करायची, दर पौर्णिमेला मागची मातीची खोली शेणानं सारवायची. घरात तान्हं मूल असलं की सगळे लंगोट एका पातेल्यात धुण्याचा सोडा घालून चुलीवर खदखदा उकळायची आणि मग माळवदावर दोरीला टाकायची. त्या माळवदावर दुपारी अनवाणी जायची आमची हिंमत नसे. संध्याकाळी लंगोट खाली आले की कडक झालेले असत आणि त्यांना उन्हाचा करपट वास येई. आज विचार करते तेव्हा वाटतं, आजीच्या सगळ्या नैसर्गिक उपायांत खरा मारक होता तो विस्तव, आणि त्याच्यानंतर ऊन. उकळत्या पाण्यापुढं रोज भेटणाऱ्या जंतूंपैकी फारसं कुणी टिकत नाही. ज्यांना ओल लागते त्यांना कडक वाळवण सोसत नाही. राख क्षारयुक्त असते, तेलकटपणा कापते आणि घासताना घाण ओढून नेते. रिठ्यात फेस करणारं द्रव्य असतं, तेही मळ सुटा करतं. राख आणि रिठा साफ करतात, विस्तव आणि ऊन मारतात, अशी कामाची वाटणी होती. आजीनं ती शिकवली नाही, पण तिच्या हाताला ती माहीत होती.

इथं थांबले असते तर 'जुनं ते सोनं' म्हणून मोकळी झाले असते.

पण त्याच आजीची दोन मुलं पाळण्यातच गेली. ती त्याबद्दल फार बोलत नसे. एकदाच, माझ्या धाकट्या भावाच्या वेळी, सुईणीला आत घेताना म्हणाली होती, "नाळेला काही लावायचं नाही. माझा दुसरा तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध ओढेना झाला आणि मग अंगच ताठलं." तेव्हा मला कळलं नाही. पुढं धनुर्वाताबद्दल वाचलं तेव्हा ते वाक्य जसंच्या तसं आठवलं, कारण तान्ह्या बाळाच्या धनुर्वाताची लक्षणं तीच आहेत, आधी दूध ओढणं थांबतं, मग अंग ताठतं. कापलेल्या नाळेवर राख किंवा शेण लावायची पद्धत आपल्याकडं गावोगाव होती. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, जनावरांच्या शेणात असतात, आणि त्यांची बीजं वर्षानुवर्षं तग धरतात. मातांना लस, दवाखान्यातली बाळंतपणं, निर्जंतुक पातं आणि कोरडी ठेवलेली नाळ, एवढं सगळं घडत गेलं तेव्हा कुठं २०१५ साली भारतातून माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. आजीची ती दोन मुलं त्याच्या कितीतरी आधीची. म्हणून कुणी "नैसर्गिक आहे, म्हणजे बाळाला चालेलच" असं म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. शेणही नैसर्गिक आणि त्यातला धनुर्वातही नैसर्गिक.

बाळंतिणीच्या खोलीचा विषय निघाला की मला व्हिएन्नातल्या इग्नाझ सेमेलवाइसची आठवण येते. १८४७ सालची गोष्ट. तिथल्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणी तापानं पटापट मरत होत्या. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी तसेच प्रसूतीच्या खोलीत येत आणि बायकांना तपासत. जंतू ही कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती. सेमेलवाइसनं पाहिलं की साबणानं धुतल्यावरही हातांना प्रेताचा वास राहतो, पण क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात धुतले की तो जातो. मग त्यानं सगळ्यांना त्याच पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्या विभागातल्या १०० बाळंतिणींमागे १८ मरत होत्या, जूनमध्ये तो आकडा २ वर आला. म्हणजे त्याचा भरवसाही नाकावरच होता. फरक इतकाच की तो वास जाण्यावर विसंबला होता आणि आपण वास येण्यावर विसंबतो. शिवाय त्यानं मृत्यू मोजले. त्याच्या बहुतेक सहकाऱ्यांनी त्याचं ऐकलं नाही, १८६५ साली तो उपेक्षेतच गेला. तो क्लोरीनचा चुना म्हणजे आपल्या खेडोपाडी विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायतीच्या भाषेत टीसीएल.

जाऊबाईंच्या कॅनकडं मी याच नजरेनं बघायला लागले. त्यात सौम्य आम्लं असतात, थोडं अल्कोहोल असतं. आमच्या बोअरच्या जड पाण्यानं नळांवर, बादल्यांवर क्षारांचे जे पांढरे डाग चढतात ते या पाण्यानं सुंदर निघतात. खिडक्यांच्या काचा चकचकीत होतात. पण जंतू मारायला आम्लाला ताकद लागते आणि वेळ लागतो, आणि आपण ते बादलीभर पाण्यात झाकणभर टाकतो. व्हिनेगरचंही तेच, त्यात आम्ल असतं ५ टक्क्यांच्या आसपास, काही जंतूंना ते त्रास देतं, काहींना मुळीच नाही, आणि कुठला जंतू समोर आहे हे आपल्याला दिसत नसतं. व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा टाकून फसफसणारं मिश्रण मोबाईलवर दाखवतात, त्याला तर काहीच अर्थ नाही. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि फेस ओसरल्यावर उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या घरांना फार लागू आहे. आपल्या जुन्या घरांत शहाबादी, ओट्यावर कडप्पा. दोन्ही चुनखडीचे दगड. आम्ल पडलं की ते झिजतात. लिंबू कापून तसंच ठेवल्यावर कडप्प्यावर जो पांढुरका ठसा उरतो तो पुसून जात नाही, कारण दगडच तिथं खाल्लेला असतो. त्यात बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत मळ बसतो. म्हणजे साफ करायला म्हणून ओतलेलं आंबट पाणी पुढं साफ करणं अवघड करून ठेवतं. जाऊबाईंच्या घरी सगळीकडं चकचकीत टाइल्स आहेत, त्यांना हे जाणवायचं कारण नव्हतं.

मग बाळाच्या घरात करायचं काय? डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्यांनी फरशीबद्दल एक अक्षर काढलं नाही. बाळाला घेणाऱ्या प्रत्येकानं साबणानं हात धुवायचे, नाळ कोरडी ठेवायची, सर्दी-जुलाब असलेल्यांनी लांब राहायचं, एवढंच म्हणाल्या. मला आधी वाटलं, त्यांना घाई आहे. मग पटत गेलं. साबण जंतूला हातावरून सोडवतो, आणि ज्या विषाणूंभोवती चरबीचं आवरण असतं त्यांचं ते आवरणच फोडतो. बाकीचं काम पाणी करतं. घरातली बहुतेक जागा, फरशी, कपाटं, खिडक्या, इथं जंतू मारायची गरजच नसते, घाण निघाली की पुरे. त्यासाठी साधा साबण, रिठा, आणि शहाबादी-कडप्पा नसेल तिथं जाऊबाईंचं पाणी, काहीही चालेल. मारायची गरज असते ती मोजक्या ठिकाणी आणि मोजक्या वेळी. आणि सगळ्यात जास्त जंतू जिथं सुखानं नांदतात ती जागा आम्ही सोलापूरकर अभिमानानं जगाला विकतो, टॉवेल. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतून आणलेल्या सेकंड मालाच्या नॅपकिनांचा ढीग आमच्याही घरी आहे. त्या टेरीच्या फासांत पाणी बसून राहतं. ओट्यावरचं ओलं फडकं, त्यानंच ताट पुसायचं, त्यालाच हात पुसायचे, आणि रात्री त्याचा गोळा करून सिंककडेला टाकायचा. फरशीच्या वासावर वाद घालताना या फडक्याकडं कुणी बघत नाही. आता रोज सकाळी मी ती फडकी उकळते आणि गच्चीवर टाकते. मे महिन्यात अर्ध्या तासात खडखडीत होतात. पावसाळ्यात काय करायचं, याची मला आत्तापासून चिंता आहे.

वेळ आली ती मेच्या मध्यात. एका लग्नाला जाऊन आले आणि आमच्या ह्यांना रात्रीपासून उलट्या-जुलाब सुरू झाले. घरात बाळ, बाळंतीण आणि संडास एकच. सकाळी जाऊबाई ताजा कॅन घेऊनच आल्या. "दाट वापर, पाणी घालू नको," म्हणाल्या. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "ताई, आज हे नको." त्यांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं, पण त्या दिवशी कुणाचं मन राखण्यापेक्षा बाळ महत्त्वाचं होतं. असल्या जुलाबांचे काही विषाणू फार चिवट असतात, त्यांच्यावर चरबीचं आवरण नसतं, त्यामुळं सॅनिटायझरलाही ते सहज दाद देत नाहीत. दुकानातून नवी ब्लीचची बाटली मागवली. नवी अशासाठी, की हे द्रावण उष्णतेनं आणि उजेडानं उतरत जातं, आणि गेल्या उन्हाळ्यापासून बाल्कनीत तापत पडलेल्या बाटलीवर मला विसंबायचं नव्हतं. ५ टक्क्यांच्या द्रावणाचे २० मिलिलिटर एक लिटर पाण्यात. आधी साबणानं घासून सगळं धुतलं, कारण घाण राहिली तर क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतो. नुसत्या पाण्यानं दोनदा धुतलं, आदल्या दिवशीचं आंबट पाणी कुठं राहिलं असेल म्हणून. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद संडासात तो माणसाच्या जिवावर उठू शकतो. मग भांडं, फ्लशचं बटण, नळ, आतली-बाहेरची कडी, दिव्याचं बटण, सगळ्याला ते पाणी लावलं, सुकतंय असं दिसलं तिथं पुन्हा लावलं, दहा मिनिटांनी धुतलं. बटणाला फडकं नुसतं ओलसर, आणि आधी मेन बंद करून.

लेक दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. दुपारी स्वतःच म्हणाली, "आई, बाबांचे कपडे वेगळे उकळ."

त्या दिवशी मी मावशींना संडासाला हात लावू दिला नाही, म्हणून त्यांना आश्चर्य वाटलं. तेव्हा त्यांचे हात नीट पाहिले. बोटांच्या पेरांवर भेगा, नखांच्या कडेला सोललेली कातडी. सकाळपासून चार-पाच घरं, प्रत्येक घराचं वेगळं फिनेल, वेगळं ॲसिड, हातमोजे कुठंच नाहीत. एका घरी ॲसिड टाकल्यावर वरून ब्लीचिंग पावडर टाकायला सांगतात, "चांगलं निघतं म्हणून," आणि मग त्यांना खोकल्याची उबळ येते, असं त्यांनी सहज सांगितलं. ते ऐकून माझा जीव वरखाली झाला. हे पुन्हा करायचं नाही, कुणी सांगितलं तरी नाही, असं मी त्यांना दोनदा बजावलं, आणि त्या घरच्या बाईंनाही मीच फोन केला. कडक रसायनं हवीत की सौम्य, हा वाद आपण बाळासाठी, जमिनीसाठी, नदीसाठी घालतो. ज्या हातांनी ती वापरली जातात त्यांच्यासाठी तो आधी घालायला हवा होता. फरशी रोज ॲसिड-फिनेलनं पुसायची गरज नाही, हे विज्ञानानं पटलेलं असताना केवळ आपल्या नाकाच्या समाधानासाठी मावशींच्या कातडीनं किंमत मोजायची, हे मला मान्य नाही. मी हातमोजे आणले. ते मोठे झाले, फडकं पिळताना सरकतात. लहान मापाचे शोधते आहे.

पुढच्या आठवड्यात मावशींनीच विषय काढला. त्यांच्या नातवाला जुलाब लागले होते. अशोक चौकाच्या मागं त्यांची एक खोली, चार घरांत मिळून एक संडास. "ताई, तुम्ही त्या दिवशी टाकलं ते पाणी मला पण द्या." मी बाटली काढून दिली, झाकणाचं माप करून दाखवलं, ॲसिडच्या जवळपासही ठेवायची नाही, पोराच्या हाताला लागू द्यायची नाही, असं सांगितलं. नातवाला ओआरएसचं पाणी घोट घोट पाजत राहा, आणि लघवी कमी झाली किंवा मलूल पडला तर थेट सिव्हिल गाठा, हेही सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आधी साबणानं धुवायचं, मग साध्या पाण्यानं, मग हे लावायचं, मग परत धुवायचं. एवढं पाणी कुठनं आणू ताई? आमच्याकडं नळ परवा यायचाय."

चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात याला उत्तर नव्हतं. आमच्या टाकीतून दोन कॅन भरले. जाऊबाई तेव्हा घरीच होत्या, त्यांनी गॅलरीतले आणखी दोन रिकामे कॅन गरम पाण्यानं विसळून आणायला मुलाला पाठवलं. संध्याकाळी मावशींचा थोरला गाडी घेऊन आला आणि चारही कॅन दोन खेपांत घेऊन गेला.